एकशे बारापैकी एकशे बारा

निरोप समारंभ दुपारी दोनला होता, अकरा वाजून गेले होते आणि सूनबाईंचा संगणक विचारात पडला होता. पडद्याच्या मधोमध एक गोल फिरत होता. तो फिरायला लागला की संगणकाला काही विचारायचं नसतं, हे एव्हाना घरातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. सासरे पेपर वाचत असले की जो नियम, तोच इथेही.

समारंभ सासऱ्यांच्या निवृत्तीचा, आणि तिथे दाखवायची फिल्मही त्यांच्यावरच होती. सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक. सदतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून काटे आणि वजनं तपासली, बरोबर निघाली त्यांच्यावर शिक्का मारला, चूक निघाली त्यांना नोटीस दिली. हा स्वभाव कार्यालयात टांगून घरी यायची सोय नव्हती. दारात कुणी नवा माणूस आला की सासरे त्याला नीट न्याहाळत आणि तो गेल्यावर "एकाहत्तर किलो" असं म्हणून पुन्हा पेपरात शिरत.

सूनबाईंना या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. व्हिडिओ एडिटिंगचं काम ती घरातूनच करायची. दिवसभर खोलीत बसून ही बाई लोकांची बोलणी कापते आणि जोडते, याला नोकरी म्हणायचं का, यावर सासऱ्यांनी कधी मत दिलं नव्हतं. वाईट आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. शिक्का मात्र मारला नव्हता.

म्हणूनच ही फिल्म तिनेच अंगावर घेतली होती.

"बाबा, तुमचा अख्खा प्रवास. चौदा मिनिटांत."

"सदतीस वर्षं चौदा मिनिटांत बसतात?"

"बसवते मी."

सासऱ्यांनी बराच वेळ विचार केला आणि "बरं" म्हणाले. कुणाच्या लग्नातही फोटोला उभा न राहणारा हा माणूस मग लागोपाठ तीन रविवार, गळ्यापर्यंत बटणं लावून, कॅमेऱ्यासमोर बसला. सूनबाईंना त्याचं ओझं ठाऊक होतं. फिल्म जमली तर शिक्का मिळणार होता. फसली, तर सासरे काही पुढच्या वर्षी पुन्हा निवृत्त होणार नव्हते.

कॅमेरा नवा होता आणि संगणक जुना, हे या सगळ्या कथेचं मूळ. कॅमेरा इतकं बारीक टिपायचा की समोरच्याच्या भुवया केसागणिक मोजाव्यात. संगणकाला मात्र ते चित्र चालवताना धाप लागायची. एका मिनिटात तीनदा थांबायचा, म्हातारी माणसं जिन्यात थांबतात तसा. त्यावर या धंद्यातले सगळे जो उपाय करतात तोच तिने केला होता. प्रत्येक मूळ फितीची एक हलकी, धूसर नक्कल बनवायची. तिला प्रॉक्सी म्हणतात. सगळी कापाकापी त्या प्रॉक्सीवर करायची, म्हणजे संगणक खूश. आणि अगदी शेवटी, फिल्म बाहेर काढायच्या आधी, संगणकाला मूळ फितींची डिस्क दाखवायची. तो नावं जुळवतो आणि प्रत्येक नकलेच्या जागी तिची मूळ फीत बसवतो.

नावं जुळवतो. चित्रं जुळवत नाही. हा फरक सूनबाईंना पक्का माहीत होता. त्या दिवशी फक्त तो आठवला नाही.

"अगं, मी अशी वाफेत बसल्यासारखी का दिसतेय?" सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. गोल थांबला होता आणि पडद्यावर त्यांचीच मुलाखत होती.

"ही नक्कल आहे आई. हलकी असते ना, म्हणून धूसर."

"मग खरी मी कुठे आहे?"

"डिस्कमध्ये. शेवटी तिथून आणून बसवायची."

"आणि खाली नुसतं 'पत्नी' लिहिलंयस. कोणाची?"

"फिल्म बाबांवरच आहे आई. लोकांना कळेल."

सासूबाईंनी टेबलावरच्या दोन काळ्या डिस्कांकडे पाहिलं. त्यातल्या एकीत आपण आहोत आणि तिच्यावर बोटभर धूळ आहे, हे काही त्यांना बरं वाटलं नाही.

दोन्ही डिस्का एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. एकीवर सूनबाईंनी कागदाची पट्टी चिकटवून 'बाबा' लिहिलं होतं, दुसरीवर 'कासव'. मागच्याच महिन्यात तिने जखमी कासवांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेसाठी शूटिंग केलं होतं, ती ही दुसरी.

खरं तर फिल्म आदल्या दिवशीच बाहेर पडायची. पण मोठ्या साहेबांनी, म्हणजे सासऱ्यांच्या कार्यालयप्रमुखांनी, सकाळी फोन करून आपल्या बोलण्यातलं एक वाक्य काढायला लावलं. "तसं खरं आहे ते, पण नको," एवढंच म्हणाले. ते वाक्य काढण्यात सकाळ गेली. आता सभागृहात जाऊन पडदा, वायरी आणि आवाज बघायचा होता. शेवटची पायरी नवऱ्यावर सोपवण्यावाचून इलाज नव्हता.

नवरा विमा कंपनीत होता. 'सही करण्याआधी नीट वाचून बघा' हे दिवसातून चाळीस वेळा म्हणण्याचा त्याला पगार मिळायचा.

"हे बघ," सूनबाई पर्स खांद्याला अडकवत म्हणाली, "बाबांची डिस्क लावायची. इथे दाबायचं. तो नावं जुळवेल. मग इथे दाबायचं. पाऊण तासात फिल्म बाहेर येईल. ती पेनड्राइव्हवर घ्यायची आणि धावत यायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"एवढंच ना? मला वाटलं काही अवघड असेल."

ती गेली. पाठोपाठ सासूबाई ओलं फडकं घेऊन खोलीत आल्या. समारंभानंतर घरी पाहुणे चहाला येणार होते. डिस्कांवरचे ते चिकट कागद त्यांनी नखाने सोडवले, धूळ पुसली आणि दोन्ही डिस्का कोरड्या कापडाने लख्ख करून एका ओळीत मांडून ठेवल्या.

बारा वाजता सूनबाईंचा फोन वाजला. ती तेव्हा सभागृहात खुर्चीवर उभी राहून पडद्याची सुरकुती काढत होती.

"डिस्कवर नाव नाहीये," नवरा म्हणाला.

"कोणत्या?"

"कोणत्याच. आईने पुसून ठेवल्यात. छान चमकतायत."

सूनबाई खुर्चीवरून उतरली. मागे कार्यालयातले शिपाईमामा ध्वनिक्षेपकात "एक, दोन, तीन" म्हणत होते आणि चारला जाण्याची त्यांची तयारी दिसत नव्हती.

"अरे मग एक लावून बघ. नावं जुळली तर हिरवी खूण येते. चुकीची असेल तर जुळणारच नाही. मग दुसरी लाव."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग नवरा ओरडला, "जुळलं! एकशे बारापैकी एकशे बारा! सगळ्या हिरव्या!"

"देव पावला."

"एखादी उघडून बघू का? नीट आहे का ते?"

इथे, म्हणजे बारा वाजून सात मिनिटांनी, हे सगळं टळू शकलं असतं. विमेवाल्याच्या अंगात मुरलेली सवय योग्य क्षणी जागी झाली होती.

"नको!" सूनबाई म्हणाली. "मूळ फीत उघडलीस की गोल फिरायला लागेल. एकदा अडकला तर तासाभराची निश्चिंती. सरळ बाहेर काढ."

नवऱ्याने बायकोचं ऐकलं.

आता त्या कॅमेऱ्याचं असं होतं, की तो फितींना नाव देत नसे, नंबर देई. कार्ड पुसलं की पुन्हा एकपासून. सासऱ्यांच्या फिती एक ते एकशे बारा होत्या. कासवांच्या एक ते एकशे तीस. संगणकाने एकशे बारा नंबर मागितले आणि कासवांनी ते बिनतक्रार दिले.

दोनला पाच कमी असताना नवरा घामाघूम होऊन पोचला. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सासरे, सासूबाई, मोठे साहेब. भाषणं आटोपली, निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ देऊन झालं, दिवे मालवले. संगीत सुरू झालं. 'एक अचूक प्रवास' अशी अक्षरं उमटली, विरली, आणि पडद्यावर कासव आलं.

साधंसुधं नव्हे. बारा फुटी पडद्यावर फक्त तोंड. मानेची एकेक घडी वेगळी, नाकपुडीत अडकलेला मातीचा कण वेगळा, डोळ्याच्या कडेला ओल. सूनबाईंच्या कारकिर्दीतलं इतकं सुस्पष्ट चित्र आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"पहिल्याच दिवशी पाहिलं," मोठ्या साहेबांचा भारदस्त आवाज घुमला, "आणि ओळखलं, हा माणूस लांब जाणार."

कासवाने एक पाय उचलला. विचार केला. पुन्हा तिथेच ठेवला.

पहिली दोन सेकंद सूनबाईंना वाटलं, ही दुसऱ्याच कुणाची फिल्म लागली. मग लक्षात आलं, की चित्र बरोबर तिथेच बदलतंय जिथे तिने कापलं होतं. कासवं तिचीच होती. जोडणीही तिचीच होती. आवाज वेगळ्या यंत्रावर टिपलेला, हलका. त्याची नक्कल करावीच लागली नव्हती, त्यामुळे तो जागच्या जागी आणि अगदी खरा होता. बदलली होती ती फक्त माणसं.

"हे... आपले बाबा कधी येतात यात?" नवरा कुजबुजला.

"तू कुठली डिस्क लावलीस?"

"एकशे बारापैकी एकशे बारा जुळलं गं!"

आवक-जावक विभागातल्या बाईंचा आवाज आला, "दहाच्या ठोक्याला टेबलावर हजर. कधी घाई नाही, कधी धांदल नाही." पडद्यावर एक कासव गाढ झोपलं होतं. खाली त्या बाईंच्या हुद्द्याची पट्टी होती.

मग सासूबाई बोलू लागल्या. पट्टीवर 'पत्नी' असं आलं. पट्टीच्या वर एक बरंच वयस्क कासव कोबीचं पान खात होतं.

"लग्नाआधी मी यांना एकदाच पाहिलं," सासूबाईंचा आवाज लाजून म्हणाला. "बोलले काहीच नाहीत. पण नजरेत भरले." कासवाने पान गिळलं आणि सभागृहाकडे पाहिलं. "कामावरून आले की आधी अंघोळ. त्याशिवाय कशाला हात लावायचे नाहीत." इथे कुणाचे तरी दोन हात आले आणि त्यांनी दात घासायच्या ब्रशने कासवाची पाठ घासायला सुरुवात केली.

सूनबाई उठली. पडद्यावर चित्र टाकणारं यंत्र बंद करायला सभागृहाच्या मागच्या टोकाला जायला हवं होतं. तिची सावली पडद्यावर पडली तेवढ्यात पहिल्या रांगेतून मोठे साहेब म्हणाले, "बसून घ्या, बसून घ्या. दिसत नाहीये."

ती बसली. काही ठिकाणी कासवांची फीत मूळ मापापेक्षा आखूड होती. तिथे शेवटचं चित्र तसंच थिजून राहत होतं. पण ते कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण कासवांकडून लोकांची तशीही फारशी अपेक्षा नव्हती.

"सदतीस वर्षं," मोठ्या साहेबांचा आवाज आता चढला होता, "सदतीस वर्षांत यांच्या हातून एकही चूक झाली नाही!"

कासवाने डोकं आत घेतलं.

सभागृहात कुणीतरी खोकलं. आणि शेवटी, संगीत टिपेला पोचत असताना, कासवांच्या डॉक्टरांनी एका कासवाला उचलून वजनकाट्यावर ठेवलं. काटा थरथरला, स्थिरावला. अंधार.

दिवे लागले. टाळ्या वाजवायच्या की कुणाला तरी बोलवायचं, हे सभागृहाला ठरवता येईना. सगळ्यांच्या माना मोठ्या साहेबांकडे वळल्या. साहेब उठले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"तीस वर्षं मी निरोप समारंभ बघतोय," ते म्हणाले. "त्याच त्या फिल्म. माणूस खुर्चीत बसलेला, माणूस खुर्चीतून उठलेला. आज पहिल्यांदा कुणीतरी डोकं वापरलेलं दिसलं. कासव! वरून कठीण, आतून मऊ. सावकाश, पण ठाम. आणि तो शेवट! आयुष्यभर दुसऱ्यांना तोलणारा माणूस आज स्वतः काट्यावर! कोणाची ही कल्पना?"

नवऱ्याने बायकोकडे बोट दाखवलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

नंतर चहाच्या टेबलाभोवती तिला हलायला जागा मिळाली नाही.

"माझ्या बोलण्यावर ते झोपलेलं कासव का टाकलंस गं?" आवक-जावक बाईंनी विचारलं. "मी झोपते असं कुणी सांगितलं तुला?"

"नाही हो... ते शांततेचं..."

"हां, शांततेचं. मग ठीक आहे."

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय," मोठे साहेब म्हणाले. "माझ्यासाठी काय योजाल? हत्ती नको, आधीच सांगतो."

"उंट चालेल का साहेब?" मागून कुणीतरी विचारलं, आणि विचारणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"आणि ही फिल्म मला खात्याच्या वार्षिक परिषदेत दाखवायचीय. सगळे जिल्हे बघू देत. तुमच्याकडे बरंच काम येणार आता, तयारीत राहा."

पहिल्यांदा खोटं बोलताना सूनबाईंची जीभ अडखळली होती. चौथ्या शाबासकीला ती 'कवचाची प्रतिमा' असं काहीतरी स्वतःहून बोलून गेली आणि स्वतःच दचकली. सगळे बोलत होते. बोलले नव्हते ते फक्त सासरे. हातात घड्याळाचं खोकं धरून ते कोपऱ्यात उभे होते, रंग उडालेल्या भिंतीसारखे. तिने पाहिलं की ते नजर वळवत. तिने नजर वळवली की ते पाहत.

परतताना गाडीत सासूबाई पुढे बसल्या.

"आधी मला रागच आला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या नावावर कासव! पण साहेब म्हणाले, घराचं कवच म्हणजे बाई. ते काही खोटं नाही. फक्त कोबीच्या ऐवजी दुसरं काही खाताना दाखवायचं होतंस."

"बाबा, तुम्हाला कशी वाटली?" नवऱ्याने विचारलं.

सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सिग्नल लागलाय. समोर बघ."

पाहुणे आले, चहा पिऊन, कासवांविषयी बोलून गेले. ऊन उतरलं तेव्हा सासरे बाल्कनीत एकटेच बसले होते. सूनबाई दारात उभी राहिली. सांगितलं नाही, तर परिषद होती, काम होतं, नाव होतं. सांगितलं, तर सदतीस वर्षं चुकीला नोटीस देणाऱ्या माणसापुढे आपल्या तोंडाने चूक कबूल करायची होती. ती बाल्कनीत गेली.

"बाबा, थोडं बोलायचं होतं."

"बस." सासऱ्यांनी घसा साफ केला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दुपारपासूनच. पहिलं कासव दिसलं तेव्हाच."

"त्याआधी नाही?"

"आधी कळलं असतं तर मी दाखवली असती का?"

सासरे चमकले. "म्हणजे? मला तर वाटलं, मुद्दाम दाखवतेयस. 'एकही चूक नाही' म्हणायला आणि त्याने डोकं आत घ्यायला एकच गाठ. मग त्याला काट्यावर चढवलंस. काट्यावर! मी म्हटलं, संपलं. हिला कुणीतरी सांगितलं."

"काय सांगितलं बाबा?"

सासरे तिच्याकडे बघत राहिले. आपण नको तितकं बोलून गेलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उमटत गेलं.

"तुला काहीच माहीत नाही?"

"मला डिस्कचं माहीत आहे," ती म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं. जुना संगणक, हलकी नक्कल, नंबर, हिरवी खूण, नवरा उघडून बघू का म्हणाला तेव्हा तिने दिलेलं उत्तर. फक्त ओल्या फडक्याचं तिने वगळलं.

प्रॉक्सी म्हणजे काय हे तिला आजवर अनेकांना समजवावं लागलं होतं आणि कुणालाच ते धड समजलं नव्हतं. सासऱ्यांनी मध्येच हात वर केला.

"म्हणजे कामाचं वजन."

"काय?"

"मूळ वजन मुख्य कार्यालयात असतं, काचेच्या कपाटात. त्याला कुणी हात लावत नाही, झिजेल म्हणून. आम्ही पिशवीत घेऊन फिरतो ती त्याची नक्कल, तिला कामाचं वजन म्हणतात. दुकानदाराचं वजन नकलेशी ताडायचं. आणि वर्षातून एकदा नक्कल मुळाशी ताडायची."

"तसंच बाबा. अगदी तसंच."

"मग ताडलं का नाहीस?"

"खूण आली ना. हिरवी. वाटलं, झालं."

"खूण," सासरे म्हणाले. ते समोरच्या इमारतीवरच्या टाक्यांकडे बघायला लागले. "मीही केली होती एकदा. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. जिन्यात माझ्या हातून कामाचं एक किलो पडलं. बुडाचा टवका उडाला. तीन ग्रॅम. कळवलं असतं तर चौकशी लागली असती. वर्षाच्या शेवटी मुळाशी ताडायचं काम माझ्याकडेच होतं. मी वहीत 'ठीक' लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली."

सूनबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"दुकानदारांची वजनं माझ्या किलोपेक्षा जड भरायला लागली. मी ती कमी करून आणायला लावली. सगळ्यांनी आनंदाने आणली. एकच जण अडून बसला, म्हणे साहेब, माझं बरोबर आहे, तुमचं तपासा." सासऱ्यांनी गुडघ्यावरचं बोट उचलून पुन्हा ठेवलं. "त्याला मी नोटीस दिली."

"किती दिवस चाललं हे?"

"चार वर्षं. मग नवे संच आले. जुनं भट्टीत गेलं. पुरावा उरला नाही, मी उरलो. त्यानंतर मात्र एक चूक होऊ दिली नाही. लोक त्याला स्वभाव म्हणतात."

खाली कुणीतरी सायकल लावत होतं. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता.

"तुझ्या सासूबाई तेव्हा नव्या होत्या," सासरे हळू आवाजात म्हणाले. "त्या म्हणायच्या, कोपऱ्यावरचा दुकानदार मापात मारतो. साखर महिनाभर पुरत नाही. मी म्हणायचो, शक्य नाही. त्याचं वजन मी स्वतः तपासलंय, तुझाच हात सढळ आहे. चार वर्षं भांडण. शेवटी तिने माझ्या चहातली साखर कमी केली. अजून तशीच आहे."

"तीन ग्रॅमने साखर संपत नाही बाबा."

"ते तीन ग्रॅम आहेत हे मला माहीत होतं. तिला फक्त कमी वाटायचं. आणि ते कमी होतं."

 सूनबाई म्हणाली, "मी उद्या मोठ्या साहेबांना फोन करून खरं सांगते. आणि खरी फिल्म पुन्हा काढून तुम्हाला देते."

"काय आहे त्यात?"

"तुम्ही. मधे खुर्चीत बसून थोडं हसताय. आणि सगळे सांगतायत की तुमच्या हातून कधी चूक झाली नाही."

सासऱ्यांनी त्यावर मनापासून विचार केला. "मग कासवच बरं," ते म्हणाले.

 मग त्यांनी विचारलं, "साहेबांना सांगितलंस तर ते परिषदेचं जाईल ना?"

"जाईल बहुतेक. उंटाचंही."

"तरी सांगणार?"

"तुम्हाला सांगितलंच की. आता अवघड काय उरलंय?"

सासरे तिच्याकडे पाहत राहिले. कुणाचं वजन करताना पाहत तसे नव्हे; जरा अवघडून, काटा आपल्याकडे फिरल्यासारखे. मग ते खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठले, एकदा दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले, आणि या वेळी आतच गेले.

नळ बंद झाल्याचं तिला ऐकू आलं. "अहो, काय झालं? असे का उभे राहिलात?" सासूबाई विचारत होत्या. मग सासऱ्यांचा आवाज, इतका खालचा की शब्द कळेनात. तो बराच वेळ चालला. मधे एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला. मग एक भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, फार सावकाश ठेवल्याचा. नंतर काहीच नाही.

 आतल्या खोलीतून नवरा धावत बाहेर आला, कारण तेवढ्यात स्वयंपाकघरातून एकतीस वर्षं थांबलेला एक आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा सुटला होता.

"तरी मी म्हणत होते!"